बिघडवलेला रस्सा

"तुमच्या हाताला काय चव आहे हो, काकू!" असं कुणी म्हटलं की नोएमीकाकूंना हल्ली धडकीच भरायची. एकतीस वर्षं हे वाक्य कानांवर पडत होतं, आणि त्याच्या मागोमाग दरवेळी एखादं काम दार वाजवत यायचं.

त्यातलं सगळ्यात मोठं काम एप्रिलातलं. रोन नदी समुद्राला मिळते तिथल्या पाणथळ रानात त्यांच्या मालकांचे काळे बैल चरतात. एप्रिलात वर्षभराची वासरं धरून, पाडून त्यांच्या मांडीवर मालकांच्या नावाचा डाग द्यायचा, आणि मग ऐंशी माणसांनी लांबलचक टेबलांवर जेवायला बसायचं, हा तिथला रिवाज. जेवण ठरलेलं: बैलाचं मांस लाल वाईनमध्ये निखाऱ्यांवर शिजवायचं, सोबत भात. रांधणारी बाईही ठरलेली. आधी नोएमीकाकूंची सासू होती. तिचे गुडघे गेले तसा डाव नोएमीकाकूंच्या हातात आला, आणि तिथेच राहिला.

मांस आदल्या दिवशीच वाईनमध्ये घालून ठेवायचं. कांदा, गाजर, तमालपत्र, संत्र्याची साल. सकाळी द्राक्षवेलींची जुनी खोडं पेटवायची, जाळ पूर्ण बसू द्यायचा आणि लालभडक निखाऱ्यांवर बिडाची दोन दांडगी भांडी चढवायची. खरी परीक्षा त्यापुढे. रस्सा उकळता कामा नये. एक बुडबुडा वर यावा, फुटावा, आणि दुसरा येईपर्यंत माणसाचा सावकाश एक श्वास घेऊन व्हावा. जरा जास्त आच लागली की मांस आक्रसून चिवट झालंच. म्हणून सहा तास भांड्याशी बसून राहायचं, फावड्याने निखारे आत सारायचे, बाहेर ओढायचे, पुन्हा आत सारायचे.

फावड्याचं काम सिल्वाँ करायचा, काकूंचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. अंत्यविधीनंतर मालकांची सून सोलांज गळ्यात पडून रडली होती, "काकू, आता तुम्हीच आमचा आधार" असंही म्हणाली होती. फावडं आता कोण मारणार, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही. काकूंनी मारलं. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या, आता एकाहत्तर. मनगटं सुजायची, कंबर तर विचारूच नका.

नाही म्हणून पाहिलं नव्हतं असं नाही. तीन वर्षं सलग म्हटलं.

"सोलांज, यंदा दुसरं कुणीतरी बघ गं. मला नाही झेपत."

"काकू, दरवर्षी तुमचं हेच! आणि दरवर्षी काय फर्मास करता! बरं, मांस बुधवारी पाठवते हं."

गोड बोलून माणसाला कसं बांधून घालावं हे सोलांजकडून शिकावं. यंदा फोन ठेवतानाच काकूंनी ठरवून टाकलं. सांगून कुणाला कळत नाही ना, मग खाऊन कळू दे. यंदाचा रस्सा बिघडवायचा. असा बिघडवायचा की ऐंशी तोंडं वाकडी झाली पाहिजेत. मग पुन्हा कुणी बोलावण्याची हिंमत करणार नाही.

दहाच्या सुमाराला, वासरांमागे सगळे धावत होते तेव्हा, काकूंनी ढीगभर निखारे दोन्ही भांड्यांखाली लोटले आणि खुर्चीत जाऊन बसल्या. रस्सा रटरटायला लागला. तो आवाज त्यांना ऐकवेना. पोटचं पोर रडतंय आणि आपण उचलत नाही, असं वाटत राहिलं. हात दोनदा फावड्याकडे गेले, तेव्हा त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले. दोन तास काकू तशाच बसल्या. नंतर एक तुकडा चाखून पाहिला. दोरखंड! रस्सा आंबट, कडवट. काम फत्ते झालं होतं, आणि काकूंना स्वतःची लाज वाटत होती.

रिवाजाप्रमाणे वाढणारीने शेवटची ताटली पावाने पुसली जाईपर्यंत बसायचं नसतं. काकू डाव धरून भांड्याशी उभ्या राहिल्या, बोंबाबोंबीची वाट बघत.

मालकांनी चार घास खाल्ले आणि ग्लास उंच धरला. "याला म्हणतात चव! दरवर्षीपेक्षा यंदा अंमळ जास्तच जमलंय!"

टाळ्या पडल्या. सोलांजने येऊन दोन्ही गालांचे मुके घेतले. "पुढच्या वर्षी शंभर पानं आहेत हं, काकू!"

काकूंनी टेबलांवरून नजर फिरवली. म्हणजे ही माणसं चाखत नव्हतीच! एकतीस वर्षं आपण बुडबुडे मोजत बसलो ते कुणासाठी? यांना जोडा शिजवून वाढला असता तरी यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. असा संताप आणि असं रडू त्यांना सिल्वाँ गेला तेव्हाही आलं नव्हतं.

टेबलाच्या टोकाला त्यांचा दीर बास्तियाँ बसला होता. तिरसट माणूस. दरवर्षी ठरलेलं: मीठ कमी, साल जास्त, वाईन हलकी. काकूंचा त्याच्यावर जुना राग. आज तो एकेक तुकडा किती तरी वेळ चावत होता. अख्खी ताटली संपवून त्याने पावाने पुसून घेतली, तरी तोंडातून शब्द नाही. काकूंना राहवेना.

"काय भावोजी, आज खोड नाही काढलीत?"

"नाही."

"आवडलं वाटतं?"

"छे! जोड्याचा तळवा बरा."

"मग संपवलंत कशाला?"

बास्तियाँने आवाज खाली आणला. "सगळ्यांसमोर काय बोलायचं? हे चुकून होणारं नाही, वहिनी. तू मुद्दाम उकळलंयस. तुझ्यासारख्या बाईवर ही पाळी आली म्हणजे आधी पुष्कळ सांगून झालं असणार. मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? तुम्ही तीस वर्षं नुसती नावं ठेवलीत मला."

"चव घेत होतो म्हणून ठेवली." त्याने ताटली बाजूला सारली. "दमलीस का गं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. सवयीने "छे हो" तोंडाशी आलं, आणि तिथेच अडकलं.

"हो," काकू म्हणाल्या. "फार दमलेय, भावोजी." आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

बास्तियाँने बाकावर सरकून जागा केली, हाताला धरून त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या हातातला डाव काढून घेतला. तेवढ्यात पलीकडून सोलांजची हाक आली, "काकू, इकडे अजून आणा ना!"

"काकू बसल्यात," बास्तियाँ उठत खणखणीत आवाजात म्हणाला, "आणि आता त्या उठायच्या नाहीत."