गार्डची काळी फीत

दौलताबादहून कामाला येताना मी शेवटच्या डब्याच्या दारात उभा राहतो. शेजारच्या दारात गार्ड असतो. गाडी हलल्यावरही तो बाहेर वाकून बघत राहतो. परवा त्याच्या बाहीवर काळी फीत होती.

"हे काय?"

"गार्डच काढून टाकायचं चाललंय. म्हणून आंदोलन."

"आणि रोज वाकून काय बघता?"

"कुणी अर्धं आत, अर्धं बाहेर नाय ना, ते."

तेवढ्यात गाडी हलली आणि त्यानं लगेच लाल झेंडी दाखवून थांबवली. पायरीला लोंबकळणाऱ्या म्हातारीला लोकांनी आत ओढलं.

"आता सोड की रं, लई उशीर झालाय!" ती धापा टाकत ओरडली. सगळा डबा कुरकुरला. मीही घड्याळ पाहिलं, ते गार्डच्या नजरेतून सुटलं नाही.

"ह्याच लोकांना सांगायचंय भाऊ, आम्हाला ठेवा म्हणून," तो हसला आणि त्यानं हिरवी झेंडी काढली.