आधी तारीख लाव

दुकानात कुणी कॅमेरा घेऊन शिरलं, की तारीखअण्णा 'काय बिघडलं?' विचारत नसत. "तारीख बरोबर हाय का?" हा पहिला प्रश्न. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं दुरुस्तीचं दुकान. जुना कॅमेरा बॅटरी काढली की तारीख विसरतो, आणि अण्णांना तेच खपायचं नाही. "तारीख नसलेला फोटो म्हंजे निनावी पत्र. कुनी बी फाडावं."

स्पष्टच लिहिते, मला फोटोची हौस नव्हती. आमच्या वस्तीच्या बोअरला लाल पाणी येत होतं. पलीकडच्या सूत रंगवायच्या कारखान्याचा पाइप नाल्यात सुटायचा, आणि मालक सांगायचा, रविवारी तर कारखाना बंदच असतो! पाइप भिंतीपलीकडे, मोबाइलमध्ये नुसता डाग दिसायचा. विडी वळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी कॅमेऱ्यासाठी बायकांकडून वर्गणी जमवली आणि मी आमच्या संघटनेच्या पत्रकांची पिशवी खांद्याला लावून अण्णांकडे गेले.

चकचकीत नव्या कॅमेऱ्याला हात लावला, तर म्हणाले, "ठिव तितंच." मी मेगापिक्सेल विचारले. "पोरी, मेगापिक्सेल म्हंजे स्थळाची डिग्री. घरात वागतो कसा, ते बग की!" मग त्यांनी लांबचं जवळ आणणारा एक जुना डिजिटल कॅमेरा काढला. बॅटरीच्या खणात गंज नाही ते दाखवलं. लेन्स आतबाहेर करत कानाशी धरली. काळ्या चादरीचा फोटो काढून मोठा केला. "पांढरा ठिपका दिसला की नको म्हनायचं. माझ्या दुकानात असला तरी." शेवटी माझं बोट बटणावर ठेवून तारीख लावून घेतली. त्या दिवशी मला वाटलं, आपल्या बाजूला एक माणूस वाढला.

चार रविवार मी शाळेच्या गच्चीवरून ती लाल धार टिपली. अण्णांना दाखवली. "आता बोलू दे मालकाला," म्हणाले.

फोटो जोडून प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. सुनावणीला अण्णा मालकाच्या बाकावर होते, इस्त्रीच्या शर्टात. मला वाटलं, बाक चुकला.

"साहेब, ह्या कॅमेऱ्यात तारीख हातानं लावता येते. दोन बटनं दाबली की सोमवारचा रविवार हुतो. पोरीला मीच शिकवलंय."

एक शब्द खोटा नव्हता. खोटं बोलले असते तर मी तिथेच ओरडले असते. तक्रार पुराव्याअभावी निकालात निघाली.

जिन्यात गाठलं त्यांना. "मी तारीख बदलली नव्हती, अण्णा. माहीत होतं ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग?"

"लावता येते का, असं इचारलं त्यांनी. लावली का, असं कुनी इचारलं न्हाय." दोन पायऱ्या उतरून वळले. "बॅटरी काढून ठिवत जा. गळती न्हायतर."

मालकाच्या चादरींच्या धंद्यासाठी फोटो काढायचं काम आता अण्णांकडेच आहे, हे मला नंतर कळलं. पुढच्या पत्रकात मी 'विकलेला माणूस' असं छापलं. त्यात काय चूक आहे, सांगा!

नंतरच्या रविवारी पुन्हा लाल पाणी आलं. घागरीशेजारी त्या दिवसाचा पेपर उघडून धरून लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. "काढ गं! म्हनावं तुझ्या अण्णाला, ह्याची बटनं कुटं हायत ते दाव!" बायका खो खो हसल्या.

मी बॅटरी घातली. कॅमेरा तारीख विसरला होता. पेपरात ती ठसठशीत होती, आणि कॅमेऱ्यातली आता कुणी मानणारही नव्हतं. तरी मी बायकांना थांबवलं, आणि आधी तारीख लावली.