डाव्या पायातलं कडं

"श्वास घ्या. रोखा. हलू नका." समोर पक्षी दिसला की काका आधी एवढं म्हणत आणि मग कॅमेऱ्याचं बटण दाबत. फोटो निघाला की, "सोडा." उभी हयात परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर पेशंट सुटले, सवय सुटली नाही. तुम्ही शेजारी उभे असता तर तुम्हीही मुकाट श्वास रोखला असता.

लालबागच्या आमच्या बिल्डिंगीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी मला उठवून वरळी कोळीवाड्याच्या खडकांवर नेत. तिथे दूरच्या थंड मुलखातून कुरव येतात. आपण त्यांना सीगल म्हणून मोकळे होतो. त्यातल्या एकाच्या डाव्या पायात कुणा अभ्यासकाने अडकवलेलं निळं कडं होतं. लागोपाठ चार हिवाळे तो आला. दिवाळी झाली की काकांचा जीव त्याच्यात अडकलेला असे.

खडकांजवळ बोंबील वाळत घालणारी मावशी त्यांची फिरकी घेई.

"आला का तुमचा जावई?"

"येईल. वाट बघायला लावणार नाही तो जावई कसला?"

कुणी त्या पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकताना दिसला, की काका जवळ जाऊन अदबीने विचारत, "साहेब, घरी आलेल्या पाहुण्याला आजारी पाडता का?"

मग काचबिंदूने गाठलं. गेल्या हिवाळ्यात त्यांना कुरवांचे नुसते पांढरे ठिपके दिसत. कॅमेरा त्यांनी माझ्या गळ्यात घातला. "तू बघ आणि मला सांग. या वर्षी तो आला, एवढं कळलं तरी बस."

माघ संपत आला, थवे परतू लागले, तरी कड्यावाला दिसेना. दर रविवारी 'नाही' म्हणणं माझ्या जिवावर येई. शेवटी एकदा मला राहवलं नाही.

"काका, आला."

"कुठल्या पायात कडं?"

"उजव्या," मी ठोकून दिलं.

फिल्मवर डावं-उजवं चुकलं तर भलत्याच पायाचं ऑपरेशन होतं, हे नव्या पोरांना सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यापुढे मी हे बोललो होतो. ते रागावले नाहीत. समुद्राकडे तोंड करूनच बोलले.

"पेशंटला बरं वाटावं म्हणून मी कधी खोटी फिल्म दिली नाही रे. नसेल आला तर नाही म्हण. ऐकायची तयारी आहे माझी."

त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

पावसाळ्यात काका गेले.

यंदा मी एकटाच खडकांवर जाऊ लागलो. तिसऱ्या रविवारी एक कुरव जवळच येऊन उतरला. एका पायावर उभा, दुसरा पोटाशी घेतलेला. मी श्वास रोखून थांबलो. काही क्षणांनी त्याने तो पाय खाली टेकला. डावा. त्यात निळं कडं. मी फोटो काढला.

"एवढा रोखून बघतोस, जावई आला वाटतं," मागून मावशी म्हणाली. "आन सासरा कुठं हाय आज?"

यंदा ती पहिल्यांदाच भेटत होती; तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पक्षी उडेपर्यंत थांबलो, श्वास सोडला आणि तिच्याकडे वळलो.