गोधडीत शिवलेला पदर

दर बुधवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही बायका सुमनताईंकडून गोधडी शिवायला शिकतो. आज पाळी माझ्या गोधडीची होती, आईच्या साड्यांची. आई गेल्यापासून त्या कपाटात पडून होत्या. कात्री लावायला हात होत नव्हता.

चौघी चार कडांना बसून धावदोरा घालत आत सरकत होतो. खिडकीतून ऊन मांडीवर आलं होतं. सुई खाली जाई, वर येई, आणि बोलणं हळूहळू विरत गेलं. हाताखाली आईची निळी साडी होती, रोजची, घरात नेसायची. इतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही, ते वापरूनच होतं. माणसंही अशीच मऊ होत असतील का, रोजच्या धुण्यापिळण्यानं?

चहा आला म्हणून उठले, तर अख्खी गोधडी माझ्याबरोबर उठली. माझा पदरच तिच्यात शिवला गेला होता! सगळ्या हसल्या.

"पहिल्या गोधडीला हे होतंच," म्हणत सुमनताई कात्री घेऊन आल्या. "थांब, उसवून देते."

मी पुन्हा खाली बसले. म्हटलं, "चहा होऊ द्या, ताई. तोवर राहू दे."