लिंबाच्या गाडीचा कंट्रोलर

तुळशीराम गेल्याची बातमी माझ्या दुकानात एका कोऱ्या पत्र्यासोबत आली. सकाळी नऊचा सुमार असेल. किराणा दुकानाच्या पाटीला मी पहिला हात देत होतो, तेवढ्यात स्टँड समितीच्या अध्यक्षांचा माणूस सायकलला आडवा पत्रा बांधून आला. पत्रा भिंतीला टेकवून म्हणाला, "याच्यावर श्रद्धांजली लिवा पेंटर. ते स्टँडवरचे तुळशीराम कंट्रोलर पहाटे वारले. खाली अध्यक्षायचं नाव मोठं घेजा." मोठं म्हणजे किती, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण धंद्याची सवय. त्याने बोटांनी माप दाखवलं. ते माप मेलेल्या माणसाच्या नावाला पुरून उरेल एवढं होतं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. पत्रा अजून तिथेच कोरा उभा आहे. पुरवणीच्या संपादकांनी मला चार ओळी लिहायला सांगितलं. शिव्या गाळून लिहा, असंही ते म्हणाले. मी रंगवणारा माणूस, लिहिणारा नाही. गाळायचं जमेल तेवढं पाहतो.

आमचं गाव घाटाखालचं, तालुक्याचं. जुना स्टँड ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो स्टँड वाटणारही नाही. मोकळं मैदान, एका बाजूला चहाचं हॉटेल, हॉटेलाला लागून मोठा कडूलिंब, पलीकडे ढोरांसाठी बांधलेला पाण्याचा हौद आणि कोपऱ्यात लोहाराचा भाता. बस, एवढंच. फलाट नाही, पाट्या नाहीत, नंबर नाहीत. सोनाळ्याची गाडी लिंबाखाली लागायची, वरवट बकालची हौदापाशी आणि घाट चढून चिखलीला जाणारी लोहाराच्या भात्यापाशी. कोणी सोनाळ्याची गाडी म्हणतच नसे. लिंबाची गाडी, हौदाची गाडी, भात्याची गाडी. ज्या बाईने जन्मात पाटी धरली नव्हती तीही डोक्यावर गाठोडं घेऊन बिनघोर यायची आणि बरोब्बर आपल्या गाडीत बसायची. हे सगळं तुळशीरामने बसवलं होतं. तो तिथला कंट्रोलर. खाकी कोट, कानाला पेन्सिल आणि आवाज असा की लोहाराचा घण थांबावा. ड्रायव्हरने गाडी चार हात जरी इकडे-तिकडे लावली तरी तो ती मागे घ्यायला लावी. "लिंबाची हौदावर लावशीन त मानसं कुठं जातीन बे?" एवढंच म्हणायचा. ड्रायव्हर कुरकुरत का होईना, गाडी लिंबाखाली घ्यायचे.

मग राज्य नवं झालं आणि आमच्या पुढाऱ्यांना नव्याची खाज सुटली. गावात स्टँड सुधार समिती निघाली. तिचे जे अध्यक्ष झाले त्यांचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं तर त्यांना बरं वाटेल. या गृहस्थाने आयुष्यात कधी गाडीची वाट पाहिली नव्हती, त्याच्या दारात जीप उभी असायची. म्हणून स्टँड कसा असावा हे त्यालाच सर्वात चांगलं कळत होतं. समितीत एक कापसाचे दलाल, एक वकील आणि दोन असे की ज्यांना काय कळतं ते आजतागायत गावाला कळलेलं नाही. हौद ढोरांचा दिसतो म्हणून हौद फोडला. लोहार काळा दिसतो म्हणून लोहाराला नाल्याकडे हाकललं. आणि लिंब... लिंबाचं काय वाकडं होतं? उद्‌घाटनाला मोठे पाहुणे येणार, त्यांचा मांडव मैदानात बसेना, म्हणून साठ-सत्तर वर्षांचं झाड एका दिवसाच्या मांडवासाठी पाडलं. त्याच समितीने पुढच्याच उन्हाळ्यात ठराव केला की स्टँडवर सावली नाही, तरी झाडं लावावीत. लावलेल्या रोपांपैकी एकही बकऱ्यांनी सोडलं नाही. मैदानाच्या मधोमध मात्र एक कारंजं बांधलं. ज्या गावात चैतात बाया अर्धा कोस घागरी वाहतात, त्या गावात कारंजं. उद्‌घाटनाच्या दिवशी बैलगाडीवर पत्र्याची पिंपं लादून पाणी आणलं, तेव्हा ते तासभर उडालं. त्यानंतर त्यात विड्यांच्या थोटकांशिवाय काही पडलं नाही.

नव्या इमारतीला सहा फलाट होते आणि त्यांवर नंबर घालायचं काम माझ्याकडे आलं. तुळशीराम दुपारी दुकानात आला, चहा मागवला आणि म्हणाला, "नंबर घाल तू. पन खांबावर चित्र बी काढ. लिंबाच्या फलाटावर लिंबाची डहाळी, हौदाच्या फलाटावर हौद, भात्याच्या फलाटावर भाता. मानसायले आकडा नाई कळत, पान त कळते." मला ते एकदम पटलं. इतकं साधं होतं की समितीच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. दोन दिवस तो माझ्या शिडीखाली उभा होता. डहाळी काढताना त्याने तीनदा पुसायला लावली. पानं दातेरी पाहिजेत म्हणाला, नाहीतर बायांना चिंच वाटेल. शेवटी जमली. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबून पाहत. एक म्हातारी खांबाशी येऊन म्हणाली, "हे आमची लिंबाची न?" तुळशीराम म्हणाला, "हाव माय, तुमचीच." त्याला इतकं खूष झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष पाहणी करायला आले. खांब पाहून त्यांचं तोंड कडू झालं. "हे काय बालवाडी उघडून राह्यले काय तुमी? उद्या पाहुने येऊन राह्यले मुंबईहून. अडानी समजतीन आपल्याले. पुसा हे." तुळशीराम तेव्हा घाटात बंद पडलेल्या एका गाडीच्या भानगडीत गेला होता. मी तिथेच होतो. मला म्हणता आलं असतं की साहेब, कंट्रोलरला येऊ द्या. म्हणता आलं असतं की हातचं काम मी पुसत नाही. पण अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला. उद्या पहिल्या रांगेत बसा म्हणाले, पाहुण्यांच्या हातून तुमचा सत्कार आहे म्हणाले... आणि मी चुन्याची बादली कालवली. दुसऱ्या कोणी फासला नाही तो चुना. मी फासला, या हाताने, दोन-दोन हात, डहाळीचा हिरवा खालून दिसू नये म्हणून नीळ घालून. समितीच्या लोकांना मी या लेखात काय काय म्हणतो आहे, पण त्यांना निदान चित्रं कळत नव्हती. मला कळत होती. मूर्ख आणि हलकट यातला फरक मला त्या दिवशी नीट समजला.

उद्‌घाटन झालं. भाषणं झाली. मला शाल मिळाली. तुळशीराम गर्दीच्या पलीकडे पांढऱ्या खांबापाशी उभा होता. मी तिकडे पाहिलं नाही. मांडवातली माणसं पांगली तशा गाड्या लागायला लागल्या, आणि नेमकी पंचाईत झाली. सोनाळ्याची गाडी आता पाच नंबरावर, पार तिकडच्या टोकाला. हॉटेलाला लागून, जिथे काल-परवापर्यंत लिंब होता, तिथे एक नंबरावर चिखलीची गाडी. लोक पाट्या वाचून थोडेच आले होते? ते पायांनी आले होते. ज्यांना सोनाळ्याला जायचं ते सरळ हॉटेलाशेजारी गेले आणि समोर दिसली त्या गाडीत चढले. ओरडून ओरडून तुळशीरामने बरेचसे उतरवले. पण गर्दी अशी की गाडी हलली तेव्हा एक बाई आतच राहिली. केसरबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. सोनाळ्याला तिचा भाऊ सकाळी वारला होता आणि ती त्याच्या मातीला निघाली होती. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत तिच्यापर्यंत पोचला तेव्हा गाडी घाटाच्या पायथ्याला लागलेली. त्याने तिला तिथे उतरवलं. परतीची गाडी संध्याकाळची. ती बाई दुपारभर रस्त्याच्या कडेला उन्हात बसून राहिली. तिकडे भावाची माती झाली.

दुसऱ्या दिवशी ती सोनाळ्याला जायला पुन्हा स्टँडवर आली. तुळशीरामने तिला स्वतः पाच नंबरावर नेऊन बसवलं. ती रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, मी झाडापाशीच गेलती. झाडच नोतं." मी तेव्हा एका पाटीचा कोपरा दुरुस्त करायला तिथे होतो. तुळशीरामने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत त्याने एक काम केलं. गाडी सुटण्याआधी तो प्रत्येक गाडीच्या पायरीवर चढायचा आणि आत तोंड घालून विचारायचा, "लिंबाची हाय हे. कोनी भात्याचं त नाई न? हौदाचं?" स्टँडला पुढे भोंगा आला तेव्हा भोंग्यावरसुद्धा तेच. "लिंबाची गाडी पाच नंबरावर लागून राह्यली." झाड नाही, हौद नाही, भाता नाही आणि हा माणूस दिवसभर त्यांची नावं घेतो. वरून कागद आले. नंबर आणि गावाचं नाव घ्यावं, इतर काही बोलू नये. त्याने कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवले. समितीतल्या वकिलांनी हॉटेलात बसून त्याची टिंगल केली, कंट्रोलरचं डोकं फिरलं म्हणाले. ते स्वतः एकदा शेगावच्या ऐवजी मलकापूरच्या गाडीत बसले होते, तेव्हा यानेच त्यांना खाली काढलं होतं. अर्थात ते त्यांच्या लक्षात राहणारच नाही. रिटायर झाल्यावरही तो रोज दहाला यायचा. लिंबाची गाडी मार्गी लावायची आणि मग माझ्याकडे चहा प्यायचा.

माझ्याकडे, हो. बारा वर्षं. मी चुना का फासला हे त्याने मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी अध्यक्षांच्या नावाने चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो, माझी तयारी होती. त्याने ती सोयच ठेवली नाही. चहा प्यायचा, पावसापाण्याचं बोलायचा, नव्या पाटीतल्या चुका दाखवायचा. सत्कारात मिळालेली शाल फाडून मी ब्रश पुसायचे बोळे केले होते, ते त्याने पाहिलं. पाहिलं आणि बशीत चहा ओतला.

जायच्या महिनाभर आधी मी त्याच्या घरी गेलो होतो. बाजेवर पडलेला, आवाज बसलेला. तो आवाज बसलेला पाहणं मला फार जड गेलं. मी उठायला लागलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुह्या त्या डहाळीचा देठ वाकडा आला होता." बारा वर्षांनी. मी म्हटलं, "हो ना, शिडी हलली होती." तो थोडा हसला. "शिडी मीच धरली होती बे," म्हणाला. मी रस्त्यावर येऊन रडलो. लोक पाहत होते, पाहू दिलं.

शोकसभा स्टँडवरच झाली, कोरड्या कारंज्यापाशी. अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत, समिती मात्र आता तिसरी की चौथी. सध्याचा स्टँड जुनाट झाला म्हणे, पुन्हा पाडून नवा बांधायचा आहे. कंट्रोलर हा स्टँडचा कणा होता, असं ते म्हणाले. त्याच्या कल्पकतेला आम्ही सतत उत्तेजन दिलं, असंही म्हणाले. मला वाटलं होतं, निदान हे म्हणताना माणूस अडखळेल. नाही अडखळला. टाळ्या पडल्या. माझा पत्रा तयार नाही म्हणून कोणीतरी कागदावर लिहून खांबाला डकवलं होतं. नाव चुकीचं. तुलसीदास.

सभा उठल्यावर मी पाच नंबराच्या कट्ट्यावर बसून राहिलो. एक लेकुरवाळी पोरगी आली, वीस-बावीस वर्षांची, कडेवर लेकरू. तिने विचारलं, "बावा, लिंबाची गाडी गेली काय?" मी तिला विचारलं, तू कुठली, लिंब पाहिला होतास का इथला? ती म्हणाली, "नाई बाप्पा, मी त सोनाळ्याले लगन होऊन आली तीन सालाखाली. इथं लिंब कुठी हाय? पन गाडी लिंबाचीच न?" मी म्हटलं, हो, लिंबाचीच. बस, लागेल आता.

गाडी आली, ती गेली. मी घरी जाऊन शिडी, हिरवा डबा आणि ब्रश घेऊन परत आलो. भर दुपारी, सगळ्यांसमोर, पाच नंबरच्या खांबावर डहाळी काढली, दातेरी पानांची. दुसऱ्या दिवशी हौद काढला, तिसऱ्या दिवशी भाता. अध्यक्षांचा माणूस सायकल घेऊन आलाच. साहेब म्हणतात पुसा, आणि पत्र्याचं काय झालं? मी म्हटलं, पत्रा घेऊन जा, नाव त्यांचं त्यांना लिहू दे. आणि पुसायचं असेल तर चुना फासणारा पेंटर गावात एकच होता, तो आता ते काम करत नाही. तो पत्रा न घेताच गेला. स्टँड पाडतील तेव्हा खांबही पाडतील, ते मला माहीत आहे. तोवर कोणी सोनाळ्याला जाणार असेल तर जाता जाता पाहून घ्या. या खेपेला शिडी धरायला कोणी नव्हतं, तरी देठ सरळ आला आहे.