पेन्शनच्या खिडकीवरचा म्हातारा

महाराजांच्या अमदानीत मी खजिन्याच्या कचेरीपुढे तंबाखू विकायचो. पागेतला एक म्हातारा स्वार दर महिन्याला तिथे पेन्शनीला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण मला तो बघवायचाच नाही. जिवंत असल्याचं स्वतः येऊन सांगितल्याशिवाय पेन्शन मिळत नसे. खिडकीपुढे तो रुमाल नीट करायचा, मिशीला पीळ द्यायचा. कारकून ओरडायचा, “हायसा काय, बाबा?” हा छातीवर थाप मारून म्हणायचा, “हाय की!”

एकदा कारकून चिडवत म्हणाला, “तिकडं शाळंची भिंत कलल्या, तिला पैसा न्हाय. आन् तुमी अजून जगतायसा!”

“मग भिंतीला सांगा, दर म्हैन्याला हितं येऊन उभी ऱ्हा म्हणावं.”

सगळे हसले. मी मात्र जळलो. पैशाचं मला काही नव्हतं. माझी बायको पहाटे चुलीपासून हाक मारायची, “उठलासा न्हवं?” ती गेली, तसं मला विचारणारं कोणी उरलं नाही. आणि ह्याला अख्खं संस्थान विचारत होतं.

तो गेल्यावर मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

“तुमचं काय हो, तात्या?” कारकुनानं विचारलं.

“काय न्हाय. हाय म्हणून सांगायला आलतो.”