उघड्या इंजिनाची पूजा

"जरा आवाज हुईल हां, माफी करा."

मोटार सुरू करण्याआधी आमचे शेजारी हे म्हणायचेच, समोर कुणी असो वा नसो. एकदा अंगणात फक्त आमची शेळी बांधलेली होती. तिच्याकडे बघून त्यांनी माफी मागितली आणि मगच हँडल फिरवायला वाकले. शेळीने काही हरकत घेतली नाही.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. आपण जगात जागा अडवतो याचीच त्यांना लाज वाटते. खुर्ची दिली तर कडेला टेकतात, चहा दिला तर "कशाला उगीच" म्हणतात. आमचे शेजारी त्यांतलेच, आणि गंमत अशी की साऱ्या रहाटणी गावात मोटार होती ती एकट्या त्यांच्याकडे. लोक त्यांना मोटारवाले म्हणायचे. ते ऐकलं की चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

पन्नास सालानंतरचा तो काळ. नदीपलीकडे पिंपरीला कारखाने नुकतेच उभे राहत होते. ते आणि मी एकाच कारखान्यात होतो, ते स्टोअरमध्ये आणि मी पॅकिंगमध्ये. कामावर आम्ही दोघं सायकलनेच जायचो. मोटार घेऊन जा की, असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "सायेब लोकं सायकलवर येत्यात. मी मोटारीतनं उतरू व्हय? बरं दिसंल का ते?"

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. एकदा मुलगी बघायला गेले, तर मुलीच्या आधी यांनीच मान खाली घातली आणि शेवटपर्यंत वर केली नाही. परत आल्यावर माझ्या आईने उत्साहाने विचारलं, "कशी आहे मुलगी?" बराच विचार करून ते म्हणाले, "पोहे बरे हुते, काकू."

मग अशा माणसाने मोटार घेतलीच कशाला? लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली ती जुनी विलायती गाडी होती, पत्रा पोचे पडलेला, छत फाटकं. मला बरेच दिवस हे कोडं होतं. एकदा कारखान्यातून परत येताना नदीकाठी सायकली टेकवून बसलो असताना त्यांनीच सांगितलं.

त्यांचं मूळ गाव पुनावळे. लहानपणीच आईबाप गेले. थोरल्या भावाने धाकट्याला शाळेतून काढून गुरांमागे लावलं. कुरुळीला दिलेली बहीण, आक्का, सणाला माहेरी आली होती. भावाशी भांडली आणि धाकट्याला हाताला धरून सासरी घेऊन गेली. जाताना थोरला म्हणाला, पुन्हा या दारात येऊ नकोस. आक्का तोंडाने फटकळ. ती वेशीतून ओरडली, "येईन तर ह्याच पोराच्या मोटारीत बसून येईन!"

"तवा मोटार म्हंजी काय, ते तिलाबी ठावं न्हवतं," ते म्हणाले. "रागात बोलून गेली. पर तवापास्नं म्हायेर तुटलं तिचं. आता तिचा शबूद माज्या गळ्यात हाय."

मोटार घेऊनही आक्काला माहेरी न्यायला ते धजत नव्हते. थोरल्याला वाईट वाटेल, लोक म्हणतील मिरवायला आला. शेवटी त्या वर्षी थोरल्यानेच सांगावा धाडला, दसऱ्याला आक्काला घेऊन ये. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं. मला पाहताच शीळ बंद झाली.

नेमकं त्याच आठवड्यात इंजिनाने दगा दिला. पाणी उकळायचं, मागून पांढरा धूर यायचा. हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, पाणी अडवणारं पातळ गॅस्केट फाटलं होतं. पुण्याहून नवीन आणलं, पण सुट्टी मिळाली ती दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, म्हणजे खंडेनवमीची.

खंडेनवमीला आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. गावातली यच्चयावत हत्यारं त्या दिवशी पाटावर बसतात. लोहाराचा घण, सुताराचा रंधा, कारखान्यातले पाने, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. ते पाना मागायला लोहाराकडे गेले, दारातूनच मांडलेली पूजा पाहिली आणि न विचारताच परत आले.

घरी होते दोन पाने, एक पक्कड आणि सायकलचा पाना. त्यांची पूजा अजून व्हायची होती. हेडच्या नटांना मोठा पाना ढिला व्हायचा, म्हणून फटीत पत्र्याची पट्टी घातली. जोर पुरेना म्हणून पान्याच्या दांड्यावर नळाचा तुकडा चढवला. नटांना आधी रॉकेल पाजलं होतंच. पाणी घमेल्यात काढून, रबरी नळी आणि वरच्या वायरी सोडवून त्यांनी एकेक नट ढिला करायला घेतला. प्रत्येक नट करकरला की आजूबाजूला बघून ओशाळायचे.

नट सुटले, पण हेड काही सुटेना. वर्षानुवर्षं गंजून बसलेलं. मी पहार आणली. त्यांनी माझा हात धरला.

"नगं भाऊ. पहारीनं घाव बसंल. मंग नवं गॅस्केटबी पानी धरायचं न्हाई."

त्यांनी नट पुन्हा नुसते टोकाला अडकवले आणि मला हँडल फिरवायला सांगितलं. प्लग जागेवरच होते, त्यामुळे आत हवा दाबली गेली. तिसऱ्या की चौथ्या झटक्याला भक्क आवाज झाला आणि आतल्या वाऱ्यानेच हेड उचललं गेलं. मी टाळ्या वाजवल्या. ते लाजून म्हणाले, "इंजिनानंच केलं सगळं. आपुन काय केलं?"

हेड ओसरीवर नेऊन, उघड्या इंजिनावर धुतलेल्या धोतराचं फडकं पसरून आम्ही दोघं हेडची काजळी खरवडत बसलो. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसेल असा हिशेब होता.

एवढ्यात तबक घेऊन माझी आई बाहेर आली. आमच्या घरची विळी, खुरपं, शिवणयंत्र यांची पूजा आटोपली होती. तिच्या मनात आलं, बिचाऱ्याच्या घरात बाईमाणूस नाही, त्याच्या मोटारीची पूजा कोण करणार? आम्ही ओसरीवर पाठमोरे. आईने ते फडकं अलगद बाजूला केलं. आत चकचकीत गोल भोकं दिसली, तिला वाटलं हाच गाभारा. तिने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पळीने पाणी शिंपडलं आणि ओल्या कुंकवाच्या अक्षता मूठभर टाकल्या. वर झेंडूचं फूल. मग तिने आम्हाला मोठ्या आनंदाने हाक मारली.

आम्ही जाऊन पाहिलं. दट्ट्यांवर, म्हणजे पिस्टनवर तांदूळ, झडपांच्या फटींत तांदूळ, पाण्याच्या वाटांत तांदूळ. मी म्हणालो, "आई, अगं हे काय—" तोच त्यांनी माझं मनगट असं दाबलं की मी गप्पच झालो. कानापर्यंत लाल होऊन ते वाकले आणि आईच्या पायांना हात लावला.

"उद्या बघ कशी वाऱ्यासारखी पळेल," आई म्हणाली. "पण आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही हं. पूजा मोडू नये."

"न्हाई लावत, काकू," ते म्हणाले.

आई घरात गेल्यावर मी चिडलो. अजून दिवस हातात आहे, आत्ता साफ करू, आईला मी समजावतो, असं म्हणालो. ते पायरीवर बसून राहिले. हाताची काजळी धोतराला पुसत म्हणाले, "भाऊ, माज्या दारात तबक घिऊन कोन आलं हुतं का आजवर? त्यास्नी काय सांगू? तुमचं चुकलं म्हनू?"

मला राग आला होता आणि भरूनही आलं होतं. पण त्यांनी शब्द दिला होता, आणि शब्दाला तो माणूस फार घाबरायचा.

दसऱ्याला उजाडताच आम्ही कामाला लागलो. दिसले तेवढे दाणे टिपले, फडक्याने पुसलं, नवीन गॅस्केट घालून हेड चढवलं. पण झडपांच्या आत उतरलेले दाणे कसे निघणार? हँडल फिरवलं तर इंजिन नुसतं खोकायचं. एखादा भडका, की पुन्हा गप्प. उन्हं वर आली, गल्ली जमली. तेवढ्यात कुरुळीहून आदल्या दिवशीच निघून वाटेत मुक्काम करून आक्काची बैलगाडी आली. सोबत तिचा थोरला मुलगा. आक्का नवं लुगडं नेसलेली, नाकात नथ. उतरली ती सरळ मोटारीत जाऊन बसली आणि म्हणाली, "चल."

ते बोनेटपाशी उभे. हातातलं फडकं नुसतं पिळत होते.

"काय झालं रं?"

"माज्या हातनं बिघडली, आक्का."

माझी आई शेजारीच उभी होती, चुकचुकत. तिला कशाचा पत्ता नव्हता. आणि ते तिच्याकडे चुकूनही बघत नव्हते, न जाणो नजरेतून काही कळेल म्हणून.

आक्काने क्षणभर डोळे मिटले. तिचा चेहरा पडला, तो मी पाहिला. मग ती मुलाला म्हणाली, "बैलं आन. जुंप हिलाच."

"आक्का, लोकं हसतील गं."

"हसू दे. मोटारीत बसून येईन म्हनले हुते. ती कशाच्या जिवावर चालंल ते कुठं बोलले हुते?"

मोटारीच्या पुढच्या दांड्याला दोर बांधून बैल जुंपले. मुलगा बैलांपुढे, मी मागून ढकलायला, आक्का मागच्या सीटवर ताठ बसलेली, आणि स्टिअरिंगवर ते. वाकड, ताथवडे, वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर माणसं कामं टाकून बघायला आली. पोरं मागे लागली. जगात ज्याला शेळीपुढेही संकोच वाटायचा, तो माणूस बैलांनी ओढलेल्या मोटारीचं चाक धरून भर सणाच्या दिवशी चार गावांतून चालला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुनावळ्याला पोचलो तेव्हा सारा गाव सोनं लुटायला देवळापुढे जमलेला. हशा पिकला. थोरला भाऊ फेटा बांधून पुढे आला. आधी बैलांकडे बघितलं, मग मोटारीकडे.

"ही चालत न्हाई व्हय?"

"न्हाई," आक्का आतूनच म्हणाली. "बिघडलीया. पर त्यानं आनली मला."

थोरला बैलांपाशी गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने त्यांचे दोर सोडले. पाहुण्याचे बैल घरधन्याने सोडायचे, हा मान असतो. आक्का रडत खाली उतरली. ते मात्र चाक धरून तसेच बसलेले. थोरल्याने आपट्याची पानं त्यांच्यापुढे केली.

"हात तेलकट हायती, दादा," एवढंच ते म्हणाले. थोरल्याने तोच तेलकट हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तशीच बैल लावून मोटार परत आणली आणि घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकतच राहिली. "मग त्यानं मला बोलायचं नाही का?" असं म्हणाली आणि तिच्या लगेच लक्षात आलं, की तो कुणाला काय बोलणार.

पुढे पिंपरीहून मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्रीभाई आले. हेड पुन्हा काढलं, झडपा उघडल्या आणि चिमट्याने लाल दाणे बाहेर काढत गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे भाऊ, इंजिन में चावल किसने पकाया?"

"माज्याच हातनं सांडले," ते म्हणाले.

झालं. मोटार उघडून तिच्यावर जेवायला बसणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. कारखान्यात त्यांचा डबा उघडला की लोक विचारायचे, इंजिनाला घास ठेवला का? ते हसून मान खाली घालायचे.

आईला हे ऐकवत नसे. पण खरं सांगायला जीभ रेटायची नाही. सारा गाव तिला पूजेअर्चेतली जाणती म्हणून मानायचा. ते दारावरून गेले की ती आत सरकायची. ती आपल्याला चुकवते हे त्यांनी ओळखलं. तिला लाज वाटते ती आपल्यामुळेच, असं समजून ते मागच्या बांधावरून लांबच्या वाटेने जाऊ लागले. भिंतीला भिंत लागून असलेली ही दोन माणसं महिनोन् महिने एकमेकांना तोंड दाखवेनात. मी दोघांना सांगून थकलो.

मग थोरल्याने त्यांना गावी बोलावून घेतलं, शेती बघायला. नोकरी सोडली, मोटार दुरुस्त होऊन आधीच तिकडे गेली होती. निघायच्या दिवशी सकाळी ते आमच्या अंगणात आले आणि वहाणा काढून उभे राहिले. "काकू हायत का?" आई दाराआड होती. मी खुणावलं, ती जागची हलली नाही. फटीतून तिचं लुगडं दिसत होतं. त्यांनाही ते दिसलं असणार. थोडा वेळ वाट बघून त्यांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, माझा खांदा दाबला आणि गेले. नंतर आमची भेट झाली नाही. थोड्याच वर्षांत तिकडेच ते वारल्याचं कळलं.

ते रहाटणी सोडून गेले त्याच संध्याकाळी ओट्यावर बायका तांदूळ निवडत होत्या. कुणीतरी म्हणालं, "गेला बाई मोटारवाला. आता मोटारीत भात कोण सांडणार?" सगळ्या हसल्या. आईने सूप खाली ठेवलं.

"भात नव्हता तो. अक्षता होत्या. मी टाकल्या होत्या," ती म्हणाली. "त्याला काम येत होतं. त्यानं माझ्यासाठी सगळ्यांचं हसू अंगावर घेतलं."

 आई उठली आणि त्यांच्या कुलूप घातलेल्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. मी बोलवायला गेलो, तर पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सकाळी आला होता रे तो. तेव्हा नाही मला दार उघडता आलं."